चौकटीबाहेर ठेवलेली भिंत

ही गोष्ट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही. मैत्रिणींना नाही. मनात तो विषय आला की मी घाईघाईनं दुसरं काहीतरी काम काढायचे — टेबल पुसायचे, जुन्या फाइल लावायचे. गेल्या महिन्यात एका घरात उभी राहून चार वाक्यं बोलले, पण तीही अडखळत. सगळं सांगायचं तर आजच.

कुठून सुरू करू? कामापासून करते. कामाबद्दल बोलायला सोपं जातं.

मी धाराशिवला एका इंजिनिअर सरांच्या ऑफिसात आहे. घर बांधण्याआधी ते कसं दिसेल, हे कंप्युटरवर तयार करून लोकांना दाखवणं हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. वडिलांचं नळदुर्गला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे, आई तिथल्याच एका धाब्यावर भाकऱ्या करते. पदवीनंतर सोलापूरला थ्रीडीचा कोर्स केला, आणि काही अनुभव नसताना सरांनी मला ठेवून घेतलं. बसायला स्वतःचं टेबल दिलं. हे मी विसरत नाही, विसरायचंही नाही. पण हे सांगून मी पुढच्या गोष्टीला मऊ करते आहे का? तसं होत असेल तर हे वाक्य सोडून द्या.

आमच्याकडे लोक एकेकटे येत नाहीत. घर बघायला यायचं म्हणजे अख्खं कुटुंब येतं, जीप भरून, बाजाराचं कामही त्याच फेरीत उरकून. ऑफिसच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे, तो माझ्या कंप्युटरला जोडलेला. पुढच्या सोफ्यावर थोरली पुरुषमंडळी बसतात. बायका मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. पुढं बसा म्हटलं तरी बसत नाहीत. "दिसतंय की इथनं," म्हणतात.

टीव्हीवर जे दिसतं ते तयार फोटो नसतात. मी कॅमेरा खोलीकडे वळवते तसं चित्र त्यांच्यासमोरच तयार होत जातं. आधी सगळं दाणेदार असतं, कुणी ज्वारीच्या कण्या पसरून ठेवल्यासारखं. मग हळूहळू दाणे जिरतात आणि फरशी फरशीसारखी, भिंत भिंतीसारखी दिसायला लागते. आमचा कंप्युटर जुना, त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ लोक थांबत नाहीत, कुणीतरी चहा मागतं, कुणाचा फोन वाजतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. चित्राच्या हव्या त्या भागावर माउसनं चौकट ओढायची. मग कंप्युटर आपली सगळी ताकद त्या चौकटीतच लावतो. तेवढाच भाग भराभर साफ होतो, बाकीचं चित्र दाणेदारच राहतं.

सोय चांगली आहे. मी ती रोज वापरते, आजही. पण वापरता वापरता मला एक गोष्ट कळली होती, जी कोर्समध्ये कुणी शिकवली नव्हती — माणसाचा डोळा साफ होणाऱ्या जागेकडंच जातो. हॉलच्या छतावर चौकट ओढली की सगळे छताकडं बघतात. जिना अरुंद असला तरी त्या वेळी तो कुणाला दिसत नाही. मला या गोष्टीचा अभिमान होता. लोकांच्या नजरा मी माउसनं फिरवू शकते, असं मनात म्हणायचे. पंक्चरवाल्याची पोरगी, आणि मोठमोठे बागायतदार माझ्या बोटाबरोबर मान वळवतात.

मग तेरचं एक कुटुंब आलं.

अण्णा घरातले वडीलधारे. त्यांचा मुलगा भास्करकाका शेती बघायचे. काकांची बायको मंगलकाकू, आणि त्यांची मुलगी ऋतुजा, जी तेव्हा शाळेत होती. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं होतं. पहिल्या भेटीत पुरुषांनी गेट, पोर्च, गाडीची जागा यावर पुष्कळ चर्चा केली. काकू मागं गप्प बसलेल्या. निघताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, मला कायबी नको. भाकरी करताना तोंडाम्होरं भिंत नको बग. लगीन झाल्यापास्नं भिंतच बघतीया. ओट्याच्या वर एक खिडकी दे, रस्त्याकडंची. कोण आलं, कोण गेलं, एवढं दिसलं तरी लई झालं."

मी दिली. चांगली रुंद खिडकी, खाली दगडी पट्टी. ओट्याशी उभं राहिलं की एस.टी. थांबते ती जागा दिसेल, असा अंदाज घेऊन. भिंतीकडं तोंड करून भाकऱ्या थापणं काय असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी आईला तसंच बघत मोठी झाले.

मधल्या काळात अण्णांचा सरांना फोन आला. ती खिडकी काढा. चुलीपाशी उभी सून रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते, ते आपल्यात चालत नाही. सरांनी मला बोलावून सांगितलं, "खिडकी काढून टाक. त्यांच्या घरातलं ते बघून घेतील. पण काकूंनी विचारलं तर सरळ सांग, काढली म्हणून." शेवटचं वाक्य सर म्हणाले होते. ते मी नीट ऐकलं होतं.

घर पक्कं करायला ते सगळे आले त्या दिवशी सर साइटवर होते. दाखवायचं काम पहिल्यांदा पूर्ण माझ्यावर होतं. हे घर आज मंजूर झालं तर यापुढं दाखवण्याचं काम मीच करणार, असं ठरलेलं होतं. बाहेरून घर दाखवलं, हॉल दाखवला, देवघर दाखवलं. अण्णा खूश. आणि मागून काकूंचा आवाज आला, "माझं स्वयंपाकघर दाव की गं."

मी कॅमेरा वळवला. चित्र दाणेदार आलं. आणि मी चौकट ओढली — ओट्याच्या ग्रॅनाइटवर, शेगडीवर, खालच्या ट्रॉल्यांवर. चौकटीची वरची कड ओट्याच्या जरा वर थांबवली. त्याच्यावरची भिंत बाहेर राहिली.

ओटा लखलखायला लागला. ग्रॅनाइटवर शेगडीचं प्रतिबिंब पडलं. भास्करकाका म्हणाले, "आयला, हाटेलच की." सगळे हसले. काकूही हसल्या. त्या मागं होत्या, टीव्हीपासून लांब, आणि त्यांनी विचारलं, "वरनं उजेड येतोय न्हवं?"

मी म्हटलं, "हो काकू, येतो."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या. अण्णांनी मागं वळून विचारलं, "झालं का तुजं बगून?" काकूंनी मान हलवली. घर पक्कं झालं.

आमच्याकडं बाईनं चार माणसांत मान हलवली की ते लिहून दिल्यासारखं असतं. नंतर तिला मागं येता येत नाही. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. म्हणूनच तर ती मान मला हवी होती.

भिंती वर आल्या तेव्हा काकूंना कळलं. त्या साइटवर उभ्या राहून म्हणाल्या, इथं खिडकी होती. अण्णा म्हणाले, तुझ्यासमोर दाखवलं, तू व्हय म्हणालीस. त्या म्हणाल्या, म्या उजेड बघितला. हे मला कसं माहीत? कारण भास्करकाकांनी तिथूनच मला फोन लावला. स्पीकरवर. मागून सिमेंट कालवणाऱ्या मिक्सरचा आवाज येत होता.

"मॅडम, एक सांगा, त्या दिवशी दावलेल्या घरात सैपाकघराला खिडकी हुती का?"

मी म्हटलं, "नाही काका. त्यात खिडकी नव्हतीच."

हे खरं होतं. शब्दाशब्दानं खरं. आणि याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नाही. पलीकडून काकांचा आवाज आला, "ऐकलंस का? कंप्युटरवाली काय म्हणती बग." मग काकू म्हणाल्या, "असंल. मलाच नीट दिसलं नसंल." फोन बंद झाला.

इथं थांबता आलं असतं. आळस, भित्रेपणा, नव्या नोकरीची धास्ती, असं म्हणून मोकळी झाले असते. तुम्हीही मान हलवली असती. पण मग काकूंना उजेड दिसला कसा? भिंत होती, खिडकी नव्हती, चित्र साफ झालं नव्हतं, हे सगळं मान्य, तरी न झालेल्या खिडकीतून उजेड कुठून आला?

सांगते. हे सांगायलाच एवढं लांबवलं.

खिडकीतून प्रकाश नीट आत यावा म्हणून आम्ही खिडकीच्या बाहेरच्या अंगाला एक चौकोनी लाइट ठेवतो. तो स्वतः दिसत नाही, त्याचा उजेड तेवढा खोलीत पडतो. खिडकी काढली, तसा तो लाइटही काढायचा असतो. मी काढला नाही. ते लोक यायच्या आदल्या दिवशी मी तो भिंतीच्या आतल्या बाजूला ओढून घेतला आणि दिसेल असा केला. साफ झाला असता तर भिंतीला चिकटवलेला पांढरा पुठ्ठा वाटला असता, कुणीही फसलं नसतं. पण दाण्यांच्या आडून तो थेट खिडकीसारखा दिसत होता. सकाळची, ऊन यायच्या बेताची खिडकी. मी लांबच्या खुर्चीवर जाऊन बसून बघितलं होतं, तिथून कसा दिसतो ते. चांगला दिसत होता. मी पुन्हा टेबलाशी येऊन चौकट कुठवर ओढायची तेही ठरवून ठेवलं.

कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, अण्णांनीही नाही. अण्णांना नुसती खिडकी नको होती. खोटी खिडकी ही माझी कल्पना.

का केलं? प्रेझेंटेशन अडू नये म्हणून, हे एक. पण एवढंच नाही. मला बघायचं होतं की जमतं का. आणि जमलं.

वास्तुशांतीला त्यांनी मला बोलावलं, मी गेले. काकूंनी मला आग्रहानं जेवायला वाढलं, एक पुरणपोळी जास्तीची. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. आधी नव्हता. "ह्यांनी नेऊन आणला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणला, नंबर लई न्हाय. पर मलाच भरोसा उरला न्हाय बग." मी पोळी खाल्ली. ती गिळताना मला काही झालं नाही, हेही इथं लिहून ठेवते. खूप नंतर व्हायला लागलं.

त्या घरात पुढं काय झालं, ते मला थोडं थोडं कळत गेलं, कारण सर वरच्यावर मला त्यांच्याकडं कामाला पाठवायचे. एकदा गेट बदलायचं होतं, एकदा पत्र्याची शेड. काकू काही बोलल्या की कुणीतरी म्हणायचं, "तिला इचारू नगा, तिला भिंतीत खिडकी दिसती." कापसाचा व्यापारी कसा आहे यावर त्या बोलल्या, तरी तेच. पाहुण्यांत कोण काय बोललं यावर बोलल्या, तरी तेच. दुष्टपणानं नव्हे, हसत. त्या स्वतःही हसायच्या आणि आत जायच्या. बाईचा शब्द कसा मोडतो, असं कुणी मला आधी विचारलं असतं तर मी मारहाण सांगितली असती, शिव्या सांगितल्या असत्या. एका विनोदानं मोडतो. तो विनोद मी बनवून दिला होता.

गेल्या महिन्यात त्यांच्या वरच्या मजल्याची मापं घ्यायला गेले. हॉलमध्ये अण्णा, भास्करकाका आणि काकूंचे धाकटे दीर बसलेले. ऋतुजाच्या स्थळाची बोलणी चालली होती. ती आता कॉलेजला आहे, मागच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. आदल्या रविवारी हे सगळे मुलाचं घर बघून आले होते, पुरुषांना पसंत होतं. मी टेप काढत जिन्याकडं निघाले, तेवढ्यात काकू पिठाच्या हातानंच दारात आल्या.

"मला ते घर बरं वाटत न्हाय," त्या म्हणाल्या. "थोरली सून पाणी घिऊन आली, तिनं एकदाबी मान वर केली न्हाय. सासू बोलली की तिचं हात थरथरायचं. म्या बघितलंय."

"तू बघितलंस व्हय?" अण्णा म्हणाले. "मग झालंच. भिंतीत खिडकी दिसणाऱ्याचं काय खरं धरायचं."

दीर हसले. काकाही हसले. आणि काकू — त्या हसल्या नाहीत या वेळी. पण वळल्या. आत जायला वळल्या. मी ऋतुजाकडं बघितलं. तिचं पुढचं सगळं त्या वळण्यावर अवलंबून होतं, आणि तिला ते कळत होतं.

मी म्हटलं, "अण्णा, काकूंना दिसलं ते बरोबर होतं."

आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्याचा वाटला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, त्या दिवशी टीव्हीवर खिडकी नव्हती, पण उजेड होता. खिडकी वाटावी असा मी तो मुद्दाम ठेवला होता. ती भिंत मी साफ होऊ दिली नाही. काकूंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि फोनवरही मी ते लपवलं.

भास्करकाका म्हणाले, "सायबानं सांगितलं असंल. पोरगी काय करणार." हे त्यांनी माझ्याबद्दलच्या मायेनं म्हटलं. पकडायला फांदी दिली. इतकी सोपी फांदी.

"नाही काका. सरांना हे माहीतही नाही. काकूंनी विचारलं तर खरं सांग म्हणून त्यांनी बजावलं होतं. हे माझंच."

"जाऊ द्या आता, जुनं उकरून काय मिळतंय," अण्णा म्हणाले आणि पानाचा डबा पुढं ओढला.

काकू माझ्यापाशी आल्या. वाटलं, थोबाडीत देतील. द्यायला हवी होती. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे, उजेड हुता?"

"होता काकू."

"म्या बघितला तिथंच हुता?"

"तिथंच."

त्यांनी माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघितलं. त्या नजरेत काय होतं हे मी इथं लिहू शकते, पण ते माझ्या सोयीचं निघेल म्हणून लिहीत नाही. मग त्या वळल्या. आत नाही, पुरुषांकडं. तिथल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या, पिठाचे हात मांडीवर तसेच ठेवून. "थोरल्या सुनेचं म्या काय बघितलं, ते आता नीट ऐका," म्हणाल्या. आणि मुलाच्या घरी दारातून आत गेल्यापासून सुरुवात केली.

मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी जिना चढून वर गेले. कामाला आले होते, ते करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनाही तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या ऑफिसात बसून केलंस हे?" मी हो म्हटलं. आता लोकांना घर दाखवायचं काम माझ्याकडं नाही. मी आत बसून मॉडेल बनवते, दाखवायला सर स्वतः उभे राहतात आणि सगळं चित्र साफ होईस्तोवर लोकांना बसवून ठेवतात. वेळ लागतो. लोक कुरकुरतात. बरोबर आहे ते.

काकूंच्या ओट्याच्या वर अजून भिंतच आहे. ऋतुजाच्या स्थळाचं काय ठरलं, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा मला हक्क नाही. काकूंनी मला माफ केलं का, तेही विचारलेलं नाही. मला रात्री झोप लागते आहे, आणि हे सांगताना लाज वाटते, कारण मोकळं वाटणं हेसुद्धा माझ्याच पदरात पडलं, त्यांच्या नाही. तरी खोटं कशाला बोलू — बरं वाटतं आहे.

त्या दिवशी वरच्या मजल्यावर मी टेपचं एक टोक भिंतीला लावून उभी होते आणि आकडा डोक्यात राहीना. पुन्हा मोजलं, पुन्हा विसरले. जिन्यातून खालचा आवाज वर येत होता. काकू बोलत होत्या, थांबत थांबत, पण पुढं पुढं. त्या घरात कोण कुठं बसलं होतं, पाण्याचा पेला कुणी कसा ठेवला, सासू काय म्हणाली. मध्ये कुणी बोलत नव्हतं.